मोबाईल नंबर ऐकता ऐकताच का निसटतो?

रावेरला केळीची गाडी भरताना व्यापाऱ्याने नंबर सांगितला, पेन सापडेपर्यंत शेवटचे आकडे गेले. असं का, हा तुमचा प्रश्न. दोष बुद्धीचा नाही, जागेचा आहे. कार्यरत स्मृतीत, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती थोडा वेळ धरणाऱ्या मनातल्या जागेत, एका वेळी साधारण ४ गटच मावतात; एकत्र धरलेले काही आकडे म्हणजे एक गट. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेल्या स्मृतीच्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) ऐकलेले शब्द मनातल्या मनात घोळवले जातात, आणि या घोळवण्यात सुमारे २ सेकंदांत म्हणून होईल तेवढंच टिकतं. तेवढ्यात कुणी ‘घड किती झाले?’ विचारलं की उजळणी तुटते. त्यात उत्तरही आकड्यातच द्यायचं, म्हणजे आकड्यांत आकडे मिसळतात. हे सर्वांत वाईट. म्हणून १० आकडे सुटे धरू नका. ३-३-४ असे तोडा, पुटपुटत राहा, आणि लिहून होईपर्यंत घड मोजणाऱ्याला हातानेच थांबवा.