सात सेकंदांच्या ड्रमवादनातून नवे संगीतप्रकार जन्माला आले, हे कितपत खरे आहे?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. १९६९ सालच्या एका गाण्यातला 'आमेन ब्रेक' नावाचा ड्रमचा तुकडा हजारो गाण्यांमध्ये का सापडतो, ही पहिली. आणि एवढ्याशा तुकड्याने जंगल किंवा ड्रम अँड बेस यांसारखे वेगवान नृत्यसंगीताचे प्रकार घडवले असे म्हणणे ही अतिशयोक्ती आहे का, ही दुसरी. मी लहानपणी तबला शिकलो आणि आता ध्वनिसंकलनाचे काम करतो, त्यामुळे हा तुकडा संगणकाच्या पडद्यावर आघात-आघात वेगळा करून पाहण्याची संधी मला अनेकदा मिळाली आहे. माझे मत असे आहे की हा तुकडा मिळाला नसता तरी हिप-हॉप झालेच असते, परंतु जंगल आज जसे ऐकू येते तसे झाले नसते. आणि याचे कारण त्या तुकड्याच्या बांधणीत दडलेले आहे.

'द विन्स्टन्स' हा वॉशिंग्टन डी.सी.चा सोल आणि फंक वाजवणारा बँड होता. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय कलाकार त्यात एकत्र वाजवत असत, आणि त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. रिचर्ड स्पेन्सर बँडचे प्रमुख होते आणि ग्रेगरी कोलमन ड्रम वाजवत. १९६९ मध्ये त्यांनी अटलांटा येथे 'कलर हिम फादर' हे गाणे मुद्रित केले. ते गाजले आणि त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. तबकडीच्या मागच्या बाजूसाठी आणखी काहीतरी हवे होते, म्हणून एका गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीताच्या) चालीवर आधारलेले 'आमेन, ब्रदर' हे शब्दविरहित वादन तयार झाले. त्याची लांबी कमी पडत होती, म्हणून मध्ये ड्रमसाठी जागा सोडण्यात आली. साधारण १ मिनिट २६ सेकंदांवर बाकी सगळी वाद्ये थांबतात आणि कोलमन चार आवर्तने एकट्याने वाजवतात. लय मिनिटाला सुमारे १३७ मात्रांची आहे, म्हणजे सोळा मात्रांना जेमतेम सात सेकंद लागतात.

आता या चार आवर्तनांत काय घडते ते जरा बारकाईने पाहिले पाहिजे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यातून निघतो. पहिली दोन आवर्तने सारखीच आहेत. त्यांत किक ड्रम (पायाने वाजवायचा खर्जाचा मोठा ड्रम) समेवर आणि तिच्यानंतर अर्ध्या मात्रेवर पडतो, स्नेअरचे (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचे) ठाशीव आघात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतात, आणि त्यांच्या अधल्यामधल्या पाव मात्रांच्या जागांवर स्नेअरचेच अगदी हलके, पुसट स्पर्श ऐकू येतात. तिसऱ्या आवर्तनात चौथ्या मात्रेवर अपेक्षित असलेला स्नेअरचा आघात कोलमन अर्धी मात्रा लांबवतात. चौथ्या आवर्तनात ते समच रिकामी ठेवतात, आघात मात्रांच्या मधल्या जागांवर टाकतात आणि जी मोठी क्रॅश सिंबल (धातूची थाळी) एरवी पुढच्या समेवर वाजली असती, ती तिसऱ्या मात्रेच्या अर्ध्यावरच वाजवून मोकळे होतात. अशा रीतीने अवघ्या सात सेकंदांत आधी लय पक्की बसते, मग ती किंचित घसरते आणि शेवटी मोडता मोडता सावरते. तबल्यात ठेका सोडून वादक समेला बगल देतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात जी ओढ निर्माण होते, तीच ओढ येथे आहे. ज्याला केवळ नाचण्यासाठी ठेका हवा त्याने पहिली दोन आवर्तने घ्यावीत आणि ज्याला ठेका उधळायचा आहे त्याने पुढची दोन. दोघांनाही पुरेल इतके साहित्य एकाच वादकाने, एकाच खोलीत, एकाच ध्वनीत मुद्रित करून ठेवले आहे.

हे वादन सतरा वर्षे जवळपास विस्मरणात गेले होते. मधल्या काळात, ऑगस्ट १९७३ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या डीजेने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर ठेवून फक्त ड्रमचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवण्याची रीत रुजवली होती आणि डीजे असे तुकडे असलेल्या जुन्या तबकड्या शोधत फिरू लागले होते. १९८६ मध्ये 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या संग्रहमालेत 'आमेन, ब्रदर'चा समावेश झाला आणि दुर्मीळ तबकडी न शोधता कोणालाही तो तुकडा हाती लागला. १९८८ मध्ये एन.डब्ल्यू.ए. या हिप-हॉप गटाच्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' या गाण्याखाली तो संथ केलेल्या लयीत ऐकू येतो. येथवर त्याचा उपयोग एक भारदस्त, जिवंत ठेका म्हणून होत होता, आणि तसे ठेके इतरही होते. क्लाइड स्टबलफील्ड यांनी जेम्स ब्राउन यांच्या 'फंकी ड्रमर'मध्ये वाजवलेला तुकडा हिप-हॉपसाठी तितकाच महत्त्वाचा आहे, किंबहुना अधिकच.

खरा बदल झाला तो १९९०च्या सुमारास लंडनमध्ये. तेथील रेव्ह पार्ट्यांमध्ये (रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या मेळाव्यांत) लय वाढत चालली होती, आणि जमैकन वंशाच्या कुटुंबांतली मुले रेगेचा जड बेस आणि साउंड सिस्टिमची (मोठाले स्पीकर मांडून गाणी वाजवण्याची) परंपरा सोबत घेऊन त्या संगीतात उतरली होती. ही मंडळी घरच्या खोलीत काम करत आणि परवाना नसलेल्या रेडिओ केंद्रांवरून आपली गाणी ऐकवत. त्यांच्या हाती अकाई कंपनीचे सॅम्पलर (ध्वनीचा तुकडा साठवून कळ दाबताच वाजवणारी यंत्रे) आणि साधे संगणक होते. त्या काळच्या सॅम्पलरची स्मृती फार तोकडी असे. अमेरिकेत हिप-हॉपसाठी गाजलेल्या एसपी-१२०० या यंत्रात सगळे मिळून जेमतेम दहा सेकंदांचा ध्वनी मावत असे. सात सेकंदांचा तुकडा अशा यंत्रांच्या मापातला होता.

ध्वनीचा वेग वाढवला की त्याची पट्टीही चढते. १३७ची लय १७०वर नेली की सगळा ड्रमसेट जवळजवळ चार अर्धस्वरांनी वर जातो. स्नेअर टणक आणि किक हलका होतो, आणि खालची सगळी जागा बेससाठी मोकळी राहते. जंगलमध्ये ड्रम १६०-१७०च्या लयीत धावतात आणि त्यांच्याखाली रेगेचा बेस निम्म्या लयीत सावकाश चालतो, हा त्याचा प्राण आहे. पट्टी न बदलता ध्वनी ताणण्याची सोय अकाईच्या यंत्रांत होती, पण तीत ध्वनीचे अतिसूक्ष्म तुकडे पुन्हा पुन्हा वाजत आणि त्यातून एक धातूसारखी खरखर निघे. ती खरखरही या मंडळींनी दोष न मानता रंग म्हणून वापरली.

त्याहून महत्त्वाचे होते ते कापणे. आमेन ब्रेकमध्ये ड्रमशिवाय दुसरे वाद्यच नसल्यामुळे प्रत्येक आघात वेगळा करून सॅम्पलरच्या एकेका कळीवर ठेवता येतो आणि मग हवा तसा नव्याने रचता येतो. असा एखादा किकचा आघात एकटा ऐकला तर त्यात नुसता किक नसतो. कोलमन वाजवत असलेल्या सिंबलचा झणकार आणि आधीच्या आघाताची शेपटी त्यात मिसळलेली असते. त्यामुळे तुकड्यांचा क्रम बदलला की सिंबलचा झणकार जागोजागी तुटतो आणि पुन्हा जुळतो, आणि ऐकताना एक माणूस अशक्य वेगाने, अशक्य क्रमाने वाजवतो आहे असा भास होतो. ड्रम मशीनमध्ये प्रत्येक आघात स्वच्छ आणि सुटा असतो, म्हणून तेथे हा भास होत नाही. १९९१चे लेनी डी आइस यांचे 'वी आर आय.ई.' ऐकले तर या वळणाची सुरुवात कळते. पुढच्या तीन-चार वर्षांत हे कापणे आणि रचणे हीच त्या संगीताची मुख्य कला झाली. पूर्वी ड्रम गाण्याला आधार देत. जंगलमध्ये सगळी रचना ड्रमवरच उभी राहिली.

पुढच्या फांद्या मी थोडक्यात सांगतो. जंगलमधून ड्रम अँड बेस स्थिरावले. बर्लिनच्या अटारी टीनएज रायट या गटाने हाच तुकडा कर्कश गिटारबरोबर जोडला. ब्रेककोअर या आणखी उग्र प्रकारात तो ओळखू येणार नाही इतका बारीक चिरला गेला. कॅनडाचा व्हेनेशियन स्नेअर्स हा कलाकार सात मात्रांच्या आवर्तनात तो बसवतो, तेव्हा रूपक ऐकलेल्या कानांना विशेष मौज वाटते. १९९७ मध्ये डेव्हिड बोवी यांनीही 'लिटल वंडर'मध्ये या शैलीचा आधार घेतला. लंडनचे तलविन सिंग आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेले कर्ष काळे यांनी याच वेगवान ड्रमवादनाच्या शेजारी तबला आणून बसवला. तो मेळ सहज जमला याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण दोन्हीकडे ठाशीव बोलांइतकेच महत्त्व मधल्या हलक्या बोलांना आहे.

तरीही एका तुकड्याने सगळे घडवले असे म्हणू नये. लिन कॉलिन्स यांच्या 'थिंक' या गाण्यातला तुकडाही जंगलमध्ये भरपूर वापरला गेला. बेसची परंपरा जमैकाची, नाचण्याची ऊर्जा रेव्हची, आणि यंत्रे स्वस्त झाल्यामुळेच ती सामान्य मुलांच्या हाती आली. आमेन ब्रेकने या सगळ्यांना एक सामायिक साहित्य दिले, आणि तेच साहित्य दुसऱ्याने कसे कापले आहे हे प्रत्येकाला ऐकू येत असल्यामुळे कौशल्याची चढाओढ लागली.

वादकाला काय मिळाले, हे आपण विचारलेले नाही, परंतु ते सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. या वापरासाठी कोलमन आणि स्पेन्सर या दोघांनाही मानधन मिळाले नाही. स्पेन्सर यांना या प्रकाराचा पत्ता १९९६ मध्ये लागला, तोवर दाद मागण्याची मुदत बहुतांशी उलटून गेली होती. आपला तुकडा जगभर वाजत असताना कोलमन २००६ मध्ये अटलांटामध्ये बेघर आणि निष्कांचन अवस्थेत वारले. २०१५ मध्ये ब्रिटिश डीजेंच्या पुढाकाराने लोकवर्गणी काढून स्पेन्सर यांना सुमारे २४,००० पौंड देण्यात आले. स्पेन्सरही २०२० मध्ये वारले. गाण्याची चाल आणि ध्वनिमुद्रण यांवर कायदा हक्क मानतो, पण ड्रमवादकाने जागच्या जागी सुचून वाजवलेल्या तालाला रचना म्हणून सहसा मान्यता मिळत नाही. हा अन्याय आहे असे मी स्पष्टपणे म्हणतो, कारण या तुकड्यात जे काही मोलाचे आहे ते सगळे कोलमन यांच्या हातातून आलेले आहे.

आपल्याला हे स्वतः तपासायचे असेल तर प्रथम 'आमेन, ब्रदर' पूर्ण ऐकावे आणि ब्रेकच्या चौथ्या आवर्तनातली रिकामी सम टाळी देऊन पक्की ओळखावी. मग 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन', त्यानंतर 'वी आर आय.ई.', आणि शेवटी १९९४च्या आसपासचे कोणतेही जंगल, याच क्रमाने, हेडफोन लावून ऐकावे. फोनच्या स्पीकरवर बेस आणि स्नेअरचे हलके स्पर्श दोन्ही हरवतात.