सगळ्या धर्मांची नैतिक शिकवण सारखीच असेल, तर धर्म आणि विज्ञान यांचं वाकडं का? श्रद्धाळू माणूस खरा वैज्ञानिक होऊ शकतो का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि जुनं दुखणं वर आलं. पहिला भाग आधी उरकतो.

खोटं बोलू नये, चोरी करू नये, कुणाचा जीव घेऊ नये, हे कुठल्या धर्मात नाही? स्वतःला जे नको ते दुसऱ्याच्या वाट्याला आणू नये, हे कन्फ्यूशिअसने सांगितलं, ज्यू गुरू हिलेल यांनी तेच तोरेचं, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाचं, सार म्हणून सांगितलं, महाभारताच्या अनुशासनपर्वात ते आहे आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातही आहे. १९९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ हान्स क्यूंग यांच्या मसुद्यावरून जागतिक नीतीचा जाहीरनामासुद्धा निघाला. पण म्हणून 'सगळे धर्म एकच सांगतात' हे वाक्य टाळ्या घ्यायलाच बरं. नियम सारखा असला तरी 'दुसरा' कोणाला म्हणायचं याचं कुंपण ज्याने त्याने सोयीने घातलं. हाच नियम तोंडपाठ असणाऱ्यांनी शतकानुशतकं गुलाम बाळगले.

आता दुसरा भाग. मी नास्तिक आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पूर्वी एका जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत काम करायचो. तिथे एक ज्येष्ठ सहकारी बाई होत्या. वेळ झाली की हातातलं काम ठेवून प्रार्थनेला जायच्या. त्यांचा धर्म मुद्दाम सांगत नाही, सांगितला की अर्धे वाचक तिथेच घसरतील. आमचे साहेब कट्टर बुद्धिवादी. चहाच्या वेळी बाईंच्या देखत म्हणायचे, "देवभोळ्या लोकांना प्रयोगशाळेत घेऊच नये." बाई कप विसळून ठेवायच्या आणि कामाला लागायच्या.

एकदा प्रथिनांचं प्रमाण मोजायचं काम चाललं होतं. द्रावणातून अतिनील प्रकाश सोडून तो किती शोषला जातो याची २८० नॅनोमीटरवर रीडिंग घ्यायची. त्यातली काही रीडिंग आलेखाच्या रेषेपासून लांब, पार वर जाऊन बसली. अहवाल द्यायची मुदत जवळ आलेली. साहेब म्हणाले, "आउटलायर आहेत, काढून टाका." बाई म्हणाल्या, "सर, कारण काय लिहू?" कारण नव्हतंच, रेषा बिघडत होती एवढंच. प्रयोगवहीत आकडा खोडायचा तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला कारण, सही आणि तारीख. बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "मी खोटं लिहिणार नाही. मला वर जाऊन उत्तर द्यायचंय." साहेब हसले. मला हसू आलं नाही.

पुढे चार-आठ दिवसांत उपकरणातला तो अतिनील प्रकाश देणारा ड्युटेरियम दिवा गेला. तो मरायला टेकला होता आणि प्रकाश मधूनच थरथरत होता. म्हणजे ती रीडिंग खरोखरच चुकीची होती! साहेब आजतागायत हेच ऐकवतात: "बघ, मी काढा म्हणत होतो ते बरोबरच होतं." अहो, पण त्याच दिव्याखाली त्या दिवशीची बाकीची रीडिंगही घेतली होती. ती निव्वळ नशिबाने रेषेत बसली होती. नको ते आकडे गाळून अहवाल गेला असता, तर दिव्याकडे कोणी पाहिलंच नसतं आणि आमचे छान दिसणारे आकडेही तितकेच कुचकामी होते हे कधी कळलं नसतं. बाईंनी वही मिटली म्हणून सगळी मालिका पुन्हा केली गेली.

साहेब म्हणतात, विज्ञान आपल्या चुका आपणच दुरुस्त करतं. करतं ना, पण कुणीतरी आकडा खोडायला नकार देतो म्हणून. नको असलेला आकडा गाळू नये, हे कोणत्या समीकरणातून निघतं ते मला कोणी दाखवावं. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ ते १९७२ एवढा काळ उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय माणसांना उपचार न देता नुसतं 'अभ्यासलं' गेलं. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही. नोंदी ठेवल्या जात होत्या, तपासण्या होत होत्या. त्या वह्यांमध्ये विज्ञानाला हवं ते सगळं होतं.

धर्मवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. पृथ्वी फिरते की नाही हे ठरवणं धर्मपीठाचं काम नव्हतं, तरी १६३३ साली गॅलिलिओला गुडघ्यावर बसवून आपलं मत सोडायला लावलं. ती चूक होती हे पोपने जाहीरपणे मान्य करायला १९९२ उजाडलं. आणि प्रत्येक नवा शोध आपल्या ग्रंथात आधीच होता म्हणणाऱ्यांचा मला सगळ्यात राग येतो. शोध लागायच्या आदल्या दिवशी का नाही सांगत? विश्वाच्या प्रसरणाचं गणित मांडणारा जॉर्ज लेमेत्र हा स्वतः पाद्री. १९५१ साली पोपने त्या सिद्धांतात निर्मितीचा पुरावा शोधला, तेव्हा ते लेमेत्रलाच रुचलं नाही. त्याला दोन्ही घरं वेगळी ठेवता येत होती.

हेही सांगायला हवं की श्रद्धाळू माणसं प्रामाणिक असतातच असं माझं म्हणणं नाही. देवाचं नाव घेऊन आकडे शिजवणारेही मी पाहिलेत. आणि ह्याच बाई उत्क्रांतीचा विषय निघाला की कान बंद करायच्या. जीवरसायनात इतकी वर्षं काढून! त्यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली, त्या बधल्या नाहीत. त्या मुद्द्यावर साहेबांचं बरोबर होतं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधीच म्हणणार नाही.

मूल्यं सारखी असतील तर इतके धर्म कशाला, हे मात्र एखाद्या आस्तिकाला विचारा. माझ्या मते लोक धर्म धरतात ते मूल्यांसाठी कमी आणि आपल्या माणसांत राहता यावं म्हणून जास्त.