प्रश्न तुमचा: नोकरी सांभाळून एमबीए

प्रश्न: मी बी.कॉम. आहे, सांगलीत नोकरी करते. दूरशिक्षणाने केलेल्या एमबीएला मान्यता असते का? प्रवेश घेताना काय तपासावे?

उत्तर: असते, पण विद्यापीठ मान्यताप्राप्त हवे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांनुसार अशा विद्यापीठाची दूरशिक्षणातील पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. त्यामुळे जाहिरातीवर विसंबू नका. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि तुमचे प्रवेशसत्र, तिन्ही सापडले पाहिजेत. मान्यता प्रवेशसत्रनिहाय असते आणि नेमकी तिथेच अनेकांची फसगत होते. ‘आमच्यामार्फत प्रवेश घ्या’ म्हणणाऱ्या खासगी क्लासला पैसे देऊ नका. विद्यापीठाला फ्रँचायझी देण्याची परवानगीच नाही. शुल्क थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरा. त्याआधी एबीसी आयडी (श्रेयांक जमा होणाऱ्या शैक्षणिक खात्याचा क्रमांक) आणि डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक) काढा, दोन्ही मोफत मिळतात.

उदाहरणार्थ, इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) एमबीएला खुल्या प्रवर्गासाठी पदवीला ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गासाठी ४५. अभ्यासक्रम चार सत्रांचा (सेमिस्टरचा), किमान दोन वर्षांचा. लेखी परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात.

विद्यार्थी रखडतात ते बहुतेक स्वाध्याय (असाइनमेंट) आणि प्रकल्पामुळे. स्वाध्यायाला ३० टक्के भार आहे. मुदतीत दिले नाहीत तर परीक्षेत चांगले गुण मिळूनही निकाल अपूर्ण राहतो. जमा केल्याची पावती जपून ठेवा. प्रकल्पाचा प्रस्ताव मंजूर झाल्याशिवाय माहिती गोळा करायला लागू नका. विषय आपल्याच कार्यालयातला निवडलात तर आकडेवारी मिळवणे सोपे जाते, मात्र वरिष्ठांची लेखी परवानगी आधीच घ्या.