आधी छेद लिही

प्रिय विद्यार्थी,

एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) परीक्षेला तीन महिने उरलेत आणि एपिडेमियॉलॉजी (रोगप्रसाराचा अभ्यास), बायोस्टॅटिस्टिक्सची (आरोग्याच्या संख्याशास्त्राची) धास्ती वाटते, असं कळवलंस. या दोन विषयांत मार्क जातात ते बहुतेक छेद चुकल्यामुळे. अर्भक मृत्युदराचा छेद जिवंत जन्म. त्यात मृतजन्म मिसळले की उत्तर गेलंच. माता मृत्यू गुणोत्तरालाही जिवंत जन्मच, पण दर लाखी. माता मृत्युदर विचारला तर छेद प्रजननक्षम वयातल्या, म्हणजे १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रिया. सूत्र आठवण्याआधी छेद कागदावर मांडायची सवय लाव.

स्क्रीनिंगचं, म्हणजे चाळणी चाचणीचं, गणित रोज एक तरी हातानं सोडव. समज, सेन्सिटिव्हिटी (रुग्णांपैकी किती पकडले) आणि स्पेसिफिसिटी (निरोग्यांपैकी किती निगेटिव्ह ठरले) दोन्ही ९० टक्के, माणसं १०००. आजार १० टक्के लोकांत असेल तर १०० रुग्णांपैकी ९० पकडले जातात आणि ९०० निरोग्यांपैकी ९० जण उगाच पॉझिटिव्ह ठरतात. पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू, म्हणजे पॉझिटिव्ह ठरलेल्यांत खरे रुग्ण किती, ५० टक्के. आता आजार १ टक्क्यावर आण: खरे पॉझिटिव्ह ९, खोटे ९९, म्हणजे ही व्हॅल्यू जेमतेम ८.३ टक्के. टेस्ट तीच, फक्त प्रिव्हॅलन्स, म्हणजे लोकांतलं आजाराचं प्रमाण, बदललं. पाठांतर करणारे नेमके इथेच अडतात, कारण त्यांनी आजार आणि टेस्टची चार घरांची चौकट कधी स्वतः आखलेलीच नसते.

उदाहरण आपल्या विदर्भातलंच घे, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं. सॉल्युबिलिटी टेस्टमध्ये (रक्त द्रावणात मिसळून करायची साधी चाचणी) द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण वाहक असो वा रुग्ण, नळी दोघांचीही गढूळच होते. म्हणून पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात फीटल (गर्भावस्थेतलं) हिमोग्लोबिन जास्त असतं, तिथे टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. टिपण लिहिताना एवढं आलं की उत्तराला वजन येतं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आणि उद्दिष्ट २०४७ चं आहे, हेही जोड.

केस-कंट्रोल अभ्यासात (रुग्ण आणि निरोगी निवडून त्यांचा पूर्वेतिहास ताडून बघायचा) रिलेटिव्ह रिस्क, म्हणजे दोन गटांतल्या धोक्याचं गुणोत्तर, काढायला जाऊ नकोस. रुग्ण किती घ्यायचे हे संशोधकानंच ठरवलेलं असतं, त्यामुळे इन्सिडन्स (नव्या रुग्णांचा दर) मिळत नाही. तिथे ऑड्स रेशो, म्हणजे दोन गटांतल्या शक्यतांचं (ऑड्सचं) गुणोत्तर.

वेळेचं म्हणशील तर मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी आकडेमोडीचा हट्ट नको. गणितं पहाटे पाच ते सात, दुपारी आरोग्य कार्यक्रमांचं वाचन. शेवटचे तीन आठवडे जुने पेपर घड्याळ लावून, पूर्ण वेळ बसून लिही. नुसतं वाचून हात चालत नाही. आणि उत्तरापुढे दर हजारी की दर लाखी, ते दरवेळी लिही.

सोडवलेल्या चौकटींचे फोटो रविवारी पाठव. छेद तेवढे तपासून देईन.