लांब उडी : चूक फळीआधीच्या दोन पावलांत शोधावी

प्रश्न : आठवीतील माझी एक विद्यार्थिनी १०० मीटर उत्तम धावते, पण लांब उडीत साडेतीन मीटरच्या पुढे जात नाही. ‘४५ अंशांत उंच उडी घे’ असे मी तिला सांगतो. खड्ड्याच्या टोकाशी उभे राहून मोबाइलवर चित्रीकरणही केले, पण त्यात नेमके काय पाहावे ते कळत नाही.
– एक क्रीडाशिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : ४५ अंशांचा आग्रह आधी सोडावा. ‘४५ अंशांत सर्वांत लांब’ हा हिशेब फेकलेल्या दगडाला लागू पडतो. वेगाने धावत आलेल्या माणसाला तेवढा कोन साधायचा तर बहुतेक वेग फळीवरच, म्हणजे जिथून उडी घ्यायची त्या पट्टीवरच, मारावा लागेल. म्हणूनच जागतिक दर्जाच्या खेळाडूंचा उड्डाणकोनही साधारण १८ ते २४ अंशच असतो. या मुलीकडे वेग आहे, आणि उंच उडण्याच्या नादात ती तोच गमावत असावी, असे मला वाटते.

खड्ड्याच्या टोकाशी उभे राहिले की फक्त परिणाम दिसतो. कॅमेरा धावमार्गाला काटकोनात, फळीच्या समोर आठ-दहा मीटरांवर, कमरेच्या उंचीला स्थिर ठेवावा. फळीवर पाय जेमतेम सेकंदाचा आठवा भाग टेकतो. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या नेहमीच्या चित्रीकरणात त्यातली तीन-चारच हाती लागतात. २४० चित्रांचे स्लो मोशन वापरले, तर हाच क्षण सुमारे तीस चित्रांत उलगडतो.

आता फक्त शेवटची दोन पावले पाहावीत. शेवटून दुसरे पाऊल किंचित लांब पडून कंबर थोडी खाली यायला हवी आणि शेवटचे त्याहून आखूड पडायला हवे, म्हणजे शरीर पायावरून झपकन पुढे आणि वर निघते. फळी गाठण्यासाठी शेवटचे पाऊल ताणले, तर टाच पुढे रोवली जाते आणि ब्रेक लागतो. शाळकरी मुलांत हा दोष मला वारंवार दिसतो, आणि बहुधा त्याचे मूळ चुकलेल्या रन-अपमध्ये असते.

मातीचा धावमार्ग असेल तर मोबाइलचीही गरज नाही. फळीआधीचे पाच-सहा मीटर झाडून हलके पाणी शिंपडावे, मुलीला पूर्ण वेगाने उडी घेऊ द्यावी आणि उमटलेल्या ठशांमधील अंतरे टेपने मोजावीत. अशा पाच उड्यांची मापे वहीत घ्यावीत. शेवटचे अंतर दर वेळी मोठे येत असेल, तर रन-अपची सुरुवातीची खूण वीतभर पुढे घेऊन पाहावे, आणि तिची नजर फळीवर न ठेवता खड्ड्यापलीकडे ठेवायला सांगावे.