बीच झाडाचे प्रकार किती आणि ती कुठे आढळतात?

समुद्रकिनाऱ्याशी या बीचचा काही संबंध नाही, मराठीत लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात एवढंच. खऱ्या बीचच्या साधारण दहा-बारा जाती, सगळ्या उत्तर गोलार्धातल्या. भारतात हे झाड नैसर्गिकरीत्या उगवत नाही.

सर्वांत परिचित युरोपियन बीच. जर्मनीतल्या जंगलात गेलात तर खोडाला हात लावून बघा: राखाडी, गुळगुळीत, हत्तीच्या पायासारखं. म्हणूनच लोक त्यावर नावं कोरतात, आणि ती झाड मरेपर्यंत जात नाहीत (कृपया कोरू नका). बागांमधला जांभळट पानांचा 'कॉपर बीच' हा याच जातीचा. अमेरिकन बीच पूर्व अमेरिका-कॅनडात. त्याच्या पानांच्या कडा दातेरी, तर युरोपियनच्या नुसत्या लहरी. तुर्कस्तान, कॉकेशस, उत्तर इराणमध्ये ओरिएंटल बीच. जपानमध्ये 'बुना', तिथलं शिराकामी-सांचीचं बुना-जंगल १९९३ पासून जागतिक वारसा आहे. चीन आणि तैवानमध्येही काही जाती आहेत.

चिली, न्यूझीलंडमधल्या झाडांना 'सदर्न बीच' म्हणतात खरं, पण त्यांचं कुळच वेगळं.