‘बॅटिंग’ला मराठीत अस्तर म्हणावे की भरण?

क्विल्ट शिवण्याच्या सूचना मराठीत आणताना ‘बॅटिंग’साठी, म्हणजे क्विल्टच्या मधल्या थरासाठी, ‘अस्तर’ लिहावे की ‘भरण’, आणि गोधडीच्या मधल्या थराला आपल्याकडे एखादे जुने नाव आहे का, असे एका वाचक भगिनीने विचारले आहे. माझ्या मते ‘भरण’ लिहावे. अस्तर म्हणजे आतल्या किंवा खालच्या बाजूस लावलेले कापड, आणि क्विल्टला ते वेगळे असतेच. वर तुकडे जोडून केलेले कापड, खाली अस्तर आणि या दोहोंच्या मध्ये कापसाचा किंवा कृत्रिम तंतूंचा सलग थर अशी तिची रचना असल्यामुळे, मधल्यालाही अस्तर म्हटले तर शिवणारीचा गोंधळ ठरलेलाच. (नुसते ‘बॅटिंग’ लिहिले, तर निम्मे घर क्रिकेटचा स्कोअर विचारील, हे वेगळेच.)

जुने नाव गोधडीत शोधून सापडणार नाही. आपल्या गोधडीत किंवा वाकळेत परंपरेने कापूस नसतो. जुनी लुगडी, धोतरे यांचे थर एकावर एक अंथरून त्यांवर धावदोरा घालतात आणि ऊब येते ती त्या थरांमुळे. मधले थरही कापडाचेच असल्याने त्यांना निराळे नाव पडण्याचे कारण नव्हते. कापूस असतो तो रजई, दुलई, लेप आणि गादी यांच्यात, आणि तिथे क्रियापद एकच: भरणे. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यायचा आणि मग रजई ‘भरून’ घ्यायची, असेच आपण बोलतो. त्या क्रियापदापासून आलेल्या ‘भराव’ला रस्त्याच्या मातीने अडवून ठेवले आहे आणि ‘सारण’ करंजीचे आहे, म्हणून ‘भरण’.

एक फरक मात्र सांभाळला पाहिजे. पिंजलेला कापूस सुटा असतो, तर बॅटिंग चादरीसारखी सलग येते. त्यामुळे सूचनांत पहिल्यांदा ‘भरणाचा सलग थर’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘भरण’ म्हणावे. सुटा कापूस धुण्यात सरकून गोळा होतो, म्हणून रजईला टाके जवळजवळ घालावे लागतात. सलग थरात तंतू सुयांनी गुंतवलेले किंवा चिकटद्रव्याने बांधलेले असल्याने टाक्यांमध्ये अधिक अंतर चालते. ते किती चालते हे वेष्टनावर दिलेले असते, आणि त्या ओळीचे भाषांतर विशेष जपून करावे: तिथला आकडा दोन शिवणींमधले जास्तीत जास्त अंतर सांगतो, थराची जाडी नव्हे.

जाडी आणि वजन यांसाठी दोन वेगळ्या संज्ञा येतात. ‘लॉफ्ट’ला ‘फुगीरपणा’ हा शब्द पुरेसा आहे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. ते तसेच ठेवावे, कारण दुकानदारही तेच बोलतो. ६० बाय ९० इंचांच्या एकेरी पांघरुणाचे क्षेत्रफळ सुमारे साडेतीन चौरस मीटर होते, म्हणजे १०० जीएसएमचे भरण साधारण ३५० ग्रॅम आणि २०० जीएसएमचे ७०० ग्रॅम भरते. पॉलिएस्टर हलके व फुगीर असते आणि आटत नाही. सुती भरण सपाट बसते, हाताला मऊ लागते, पण पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटते. त्या आटण्याने कापडावर पडणाऱ्या बारीक सुरकुत्या काहींना मुद्दाम हव्या असतात. ज्यांना नको असतील, त्यांनी वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणे भरण आधी भिजवून आटवून घ्यावे. न शिवलेले भरण यंत्रात धुवायला टाकू नये, त्याच्या चिंध्या होतात.

कापताना भरण आणि अस्तर दोन्ही वरच्या कापडापेक्षा चारही बाजूंनी दोन ते चार इंच मोठे ठेवतात, कारण शिवताना वरचे कापड सरकते. जादा भाग शेवटी काठ बांधण्यापूर्वी छाटायचा असतो. ‘बिअर्डिंग’ म्हणजे भरणाचे तंतू विणीतून वर डोकावणे. ‘दाढी’ असे शब्दशः भाषांतर विनोदी होते, ‘तंतू वर येणे’ एवढेच लिहावे. गडद कापडाखाली पांढरे पॉलिएस्टर घातले की हा दोष पटकन दिसतो, म्हणून अशा ठिकाणी मूळ सूचनांत काळे भरण सांगितलेले आढळेल. ते चुकून पडलेले विशेषण समजून गाळू नये.